आकडा आणि माणूस : बीटा-ब्लॉकर गोळ्यांचा इतिहास

आजचा विषय वैद्यकाचा आहे आणि बोलणारे आम्ही तत्त्वज्ञानवाले. तेव्हा एक गोष्ट आधीच सांगून टाकू या. कोणती गोळी घ्यावी आणि कोणती बंद करावी हे सांगायला आम्ही इथे आलेलो नाही, ते काम तुमच्या डॉक्टरांचं. आपल्याला बघायचं आहे ते वेगळंच. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल ही नावं आज घराघरांत आहेत. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या तरी खिशात किंवा पर्समध्ये यातली एखादी पट्टी असेल. या गोळ्यांनी रक्तदाबाचा आकडा खाली येतो, यात वाद नाही. वाद वेगळाच आहे, आणि तो गेली वीस वर्षं चालू आहे. आकडा खाली आला म्हणजे माणूस वाचला, असं म्हणायचं का? दोन गोळ्यांनी आकडा सारखाच उतरला, तर त्या दोन गोळ्या सारख्या झाल्या का?

हा प्रश्न वरवर साधा वाटतो. पण 'लक्षण' आणि 'लक्ष्य' यांत घोळ करू नका असं न्यायशास्त्र शिकताना आपल्याला बजावलं जातं, तोच घोळ इथे लाखो लोकांच्या आयुष्याशी जोडलेला आहे.

थोडं मागे जाऊ. शंभर वर्षांपूर्वी उच्च रक्तदाब हा आजार आहे की शरीराने केलेली सोय, यावरच डॉक्टरांचं एकमत नव्हतं. ज्या रक्तदाबाला स्पष्ट कारण सापडत नाही त्याला इंग्रजीत 'इसेन्शियल' म्हणतात, म्हणजे आवश्यक! धमन्या अरुंद आणि कडक झाल्या, मग रक्त पुढे ढकलायला दाब हवाच, तो उतरवलात तर मेंदूला आणि मूत्रपिंडाला रक्त कसं पोचणार, असा तो युक्तिवाद. पॉल डडली व्हाइट यांच्यासारख्या थोर अमेरिकन हृदयतज्ज्ञांनीही १९३१ साली अशी शंका लिहून ठेवली आहे. युक्तिवाद म्हणून त्यात काही चूक नाही बरं का. चूक होती ती तपासून न बघण्याची.

त्याचा परिणाम बघा. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. आज एवढा आकडा दिसला तर तुमचे डॉक्टर तुम्हाला घरी जाऊ देणार नाहीत. त्यांचे खासगी डॉक्टर मात्र वयाच्या मानाने ठीक आहे म्हणत राहिले. तरुण हृदयतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी पथ्य, विश्रांती, डिजिटालिस असं जमेल ते केलं, पण दाब उतरवणारं चांगलं औषधच हाताशी नव्हतं. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन रूझवेल्ट गेले, त्या वेळी वरचा आकडा ३०० च्या पुढे होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाची ही अवस्था, मग बाकीच्यांचं काय बोलावं!

आता आपल्या मुंबईकडे येऊ, कारण हा धागा इथूनही गेलेला आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, रीतसर मोजमाप करून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. आणि रक्तदाब उतरवला तर माणूस वाचतो याचा पहिला भक्कम पुरावा जेव्हा मिळाला, तेव्हा त्या औषधांत रिसर्पिन होतं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतली ही चाचणी १९६७ साली छापली गेली. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष घेतले. ७० जणांना नुसत्याच औषधासारख्या दिसणाऱ्या गोळ्या, ७३ जणांना खरी औषधं. पहिल्या गटात २७ जणांना गंभीर त्रास झाला, दुसऱ्या गटात दोघांना. सत्तावीस आणि दोन! 'आवश्यक' रक्तदाबाचा तो जुना युक्तिवाद त्या दिवशी संपला.

हे उदाहरण लक्षात ठेवा. इथे नुसता आकडा मोजला नाही, माणसं मोजली. पुढे आपल्याला याच्याकडे परत यायचं आहे.

आता मुख्य पात्राकडे. ॲड्रेनॅलिन हे द्रव्य विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत होतं. गंमत अशी की हेच द्रव्य काही रक्तवाहिन्या आकुंचित करतं आणि काही सैल करतं, हृदयाला पळवतं आणि श्वासनलिका मोकळ्या करतं. एकाच कारणाचे उलटसुलट परिणाम कसे? त्या वेळचं मान्य उत्तर असं की शरीरात दोन निरनिराळी द्रव्यं असली पाहिजेत, एक उत्तेजक आणि एक शामक. १९४८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात रेमंड अल्क्विस्ट यांनी प्रश्नच फिरवला. द्रव्यं दोन नाहीत, ती घेणारी ठिकाणं दोन प्रकारची आहेत. त्यांना त्यांनी नुसतं आल्फा आणि बीटा म्हटलं. हृदयावर मुख्यतः बीटा, आकुंचित होणाऱ्या रक्तवाहिन्यांवर आल्फा.

हे रिसेप्टर कुणी पाहिले होते का? नाही. अल्क्विस्ट यांनी काय केलं, तर ॲड्रेनॅलिनच्या जातकुळीतली काही द्रव्यं निरनिराळ्या अवयवांवर वापरली आणि कोणाचा जोर कुठे जास्त पडतो याचा क्रम लावला. बहुतेक अवयवांत दोनच क्रम निघाले. तेव्हा दोन प्रकारची ठिकाणं मानल्याशिवाय हे जुळत नाही, असा निष्कर्ष. आपल्यापैकी ज्यांनी मीमांसा वाचली आहे त्यांना लगेच ओळखू येईल की ही अर्थापत्ती आहे. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी गुटगुटीत आहे, तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. रात्रीचं जेवण कुणी पाहिलेलं नाही. स्वतः अल्क्विस्टही रिसेप्टरला स्पष्टीकरणासाठी केलेली एक कल्पनाच मानत राहिले, वस्तू म्हणायला ते तयार नव्हते. पुढे १९८६ मध्ये रॉबर्ट लेफकोविट्झ यांच्या गटाने बीटा रिसेप्टरचं जनुक वेगळं काढलं, त्यानंतर ब्रायन कोबिल्का यांनी त्याची घडण दाखवली आणि २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. म्हणजे देवदत्ताला रात्री जेवताना शेवटी पकडलं, पण कित्येक वर्षांनी. तोवर त्या न पाहिलेल्या जेवणाच्या भरवशावर जगभर गोळ्या विकल्या जात होत्या!

अल्क्विस्ट यांचा निबंध एका नामांकित नियतकालिकाने नाकारला होता. दुसरीकडे छापून आल्यावरही दहा वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पाहिलं ते जेम्स ब्लॅक या स्कॉटिश डॉक्टरने. ब्लॅक यांचा प्रश्न रक्तदाबाचा नव्हताच, अंजायनाचा होता. हृदयाच्या धमन्या अरुंद झाल्या की चालताना छातीत दुखतं. सगळे जण धमन्या रुंद करून रक्ताचा पुरवठा वाढवायच्या मागे होते. ब्लॅक म्हणाले, पुरवठा वाढत नसेल तर मागणी कमी करू. हृदयावरचा बीटा रिसेप्टर अडवला तर ॲड्रेनॅलिन त्याला उगीच पळवणार नाही. पगार वाढत नाही म्हटल्यावर घरखर्च कमी करावा, असं मध्यमवर्गीय शहाणपण! १९५८ साली ते आयसीआय या ब्रिटिश कंपनीत गेले. आपल्याकडे ही कंपनी रंगांसाठी जास्त माहीत. तिथे रसायनज्ञ जॉन स्टीफन्सन यांच्याबरोबर त्यांनी प्रोनेथॅलॉल तयार केलं. उंदरांमध्ये त्याने गाठी झाल्या म्हणून ते मागे पडलं आणि १९६४ साली प्रोप्रॅनोलॉल आलं, पुढच्या वर्षी बाजारात 'इंडेरॉल' नावाने. पहिल्या औषधाचं नाव होतं ॲल्डरलिन, प्रयोगशाळेच्या ॲल्डर्ली पार्क या जागेवरून. त्यातलं एक अक्षर गाळून बाकीची उलटसुलट केली की इंग्रजीत इंडेरॉल होतं. नाव ठेवणाऱ्याला शब्दकोडी सोडवायची सवय असावी.

ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल मिळालं. पण रक्तदाबाचा शोध त्यांचा नाही, तो ब्रायन प्रिचर्ड यांचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये अंजायनासाठी हे औषध घेणाऱ्यांचा दाब हळूहळू उतरतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि १९६४ मध्ये त्यांनी ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. लोकांनी विश्वास ठेवला नाही, आणि ठेवला नाही याला कारण होतं. बीटा रिसेप्टर काही रक्तवाहिन्या सैल करतात. ते अडवले तर वाहिन्या आवळतील, दाब वाढेल, निदान उतरणार तर नाहीच. सिद्धान्त असं सांगत होता. पट्टा वेगळंच सांगत होता.

मग दाब का उतरतो? हृदय मंद होतं म्हणून, असं पटकन म्हणावंसं वाटतं. पण हृदय पहिल्याच दिवशी मंद होतं आणि दाब नीट उतरायला बरेचदा दिवस, आठवडे लागतात. मूत्रपिंडातून येणारं रेनिन कमी होतं म्हणून, असं दुसरं उत्तर. त्यात तथ्य आहे, पण पिंडोलॉलसारखं याच कुळातलं औषध रेनिन फारसं कमी न करताही दाब उतरवतं. मेंदूवरचा परिणाम, नसांच्या टोकांवरचा परिणाम, अशी आणखीही उत्तरं आहेत. थोडक्यात, साठ वर्षं वापरूनही 'का' याचं एकच एक उत्तर नाही. त्यामुळे औषध खोटं ठरत नाही. पण 'का' माहीत नसताना 'किती उपयोग' हे तरी नीट मोजायला हवं होतं, आणि तिथे सगळे घाईत होते.

भारतातली गोष्ट मध्येच सांगतो, कारण आपल्याकडे ही गोळी स्वस्त का झाली हे फार कमी जणांना माहीत असतं. मुंबईच्या सिप्ला कंपनीने प्रोप्रॅनोलॉल इथे बनवलं तेव्हा आयसीआयने पेटंटचा हक्क सांगितला. युसूफ हमीद यांनी पुढे अनेक मुलाखतींत सांगितलेली हकिगत अशी की हा विषय थेट इंदिरा गांधींपर्यंत नेला गेला. एवढ्या एका भांडणाने कायदा झाला असं मानणं भाबडेपणाचं होईल, पेटंट कायदा बदलण्याची चर्चा त्याआधी बरीच वर्षं चालू होती. पण १९७० चा कायदा १९७२ मध्ये लागू झाला आणि औषधाच्या पदार्थावर पेटंट न राहता फक्त बनवण्याच्या रीतीवर राहिलं. रीत बदला, औषध बनवा. २००५ पर्यंत असं चाललं. पुढे आलेलं अटेनोलॉल खेड्यातल्या दुकानातही परवडणाऱ्या भावात मिळू लागलं ते यामुळे.

प्रोप्रॅनोलॉलची एक मोठी अडचण होती. ते सगळेच बीटा रिसेप्टर अडवतं, श्वासनलिकेतलेसुद्धा. दम्याच्या रुग्णाला ते धोक्याचं. १९६७ मध्ये बीटामध्येही दोन पोटप्रकार आहेत असं दाखवलं गेलं, हृदयावर प्रामुख्याने बीटा-एक आणि श्वासनलिकेत बीटा-दोन. मग फक्त हृदयावर नेम धरणारं औषध हवं. ते आलं १९७० मध्ये, प्रॅक्टोलॉल. डॉक्टर खूश, रुग्ण खूश. चार वर्षांनी बातम्या येऊ लागल्या: त्वचेवर चट्टे, डोळे कोरडे पडणं, काहींची दृष्टी जाणं, काहींच्या पोटातलं आवरण जाड होऊन आतडी जखडली जाणं. प्राण्यांवरच्या चाचण्यांत यातलं काहीही दिसलं नव्हतं, आणि नंतर मुद्दाम करून बघितलं तरी दिसलं नाही. १९७५ च्या सुमारास त्या गोळ्या सर्वसाधारण वापरातून काढाव्या लागल्या. ज्यांचे डोळे गेले त्यांना रक्तदाबाचा आकडा सुंदर आला होता, याचं समाधान किती वाटलं असेल?

त्या रिकाम्या जागेवर १९७६ मध्ये अटेनोलॉल आलं. हृदयावर नेम धरणारं, चरबीत फारसं न विरघळणारं, त्यामुळे मेंदूत कमी शिरणारं. प्रोप्रॅनोलॉलने काहींना वाईट स्वप्नं पडत, ती तक्रार यात कमी. स्वीडनमधून मेटोप्रोलॉल आलं, तेही हृदयावर नेम धरणारं, पण ते यकृतातून निकाली निघतं आणि अटेनोलॉल मूत्रपिंडातून. म्हणून मूत्रपिंड कमजोर असलेल्याला अटेनोलॉल जपून द्यावं लागतं. अटेनोलॉल दिवसातून एकदा घ्यायचं, ही त्याची मोठी सोय. शरीरात त्याचं प्रमाण निम्मं व्हायला सहा-सात तासच लागतात, हे मात्र त्या सोयीच्या आनंदात मागे पडलं. बघता बघता ते जगातल्या सर्वांत जास्त लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक झालं.

पण मघाचे ते सत्तावीस आणि दोन आठवा. बीटा-ब्लॉकरसाठी तशी माणसांची मोजणी कुणी केली होती का? मोठी म्हणावी अशी झाली ती ब्रिटनमध्ये, निकाल १९८५ मध्ये. १७,३५४ लोक, वय ३५ ते ६४, सौम्य रक्तदाब. काहींना लघवी वाढवणारी गोळी, काहींना प्रोप्रॅनोलॉल, काहींना नुसतीच गोळी. पक्षाघात कमी झाले, पण हिशेब असा की ८५० जणांनी वर्षभर औषध घेतलं तर एक पक्षाघात टळतो. आणि धूम्रपान करणाऱ्यांना प्रोप्रॅनोलॉलचा लाभ दिसला नाही. १९९२ मध्ये त्याच संस्थेने ६५ ते ७४ वयाच्या ४,३९६ लोकांवर अटेनोलॉल वापरलं. लघवीच्या स्वस्त गोळीने पक्षाघात आणि हृदयविकार दोन्ही कमी झाले. अटेनोलॉलच्या गटात ठाम म्हणावा असा फरक पडला नाही. ही धोक्याची घंटा होती. ऐकली कुणी? फारशी नाही.

मग २००२ साली लाइफ चाचणी. ९,१९३ रुग्ण, एकीकडे लोसार्टन, दुसरीकडे अटेनोलॉल. दाब दोन्हीकडे जवळजवळ सारखाच उतरला. पक्षाघात मात्र लोसार्टनच्या गटात २५ टक्क्यांनी कमी. २००५ मध्ये ॲस्कॉट, १९,२५७ रुग्ण. अम्लोडिपिनपासून सुरू केलेला उपचार आणि अटेनोलॉलपासून सुरू केलेला उपचार यांची तुलना. ती वेळेआधी थांबवावी लागली, कारण अटेनोलॉलच्या बाजूला मृत्यू जास्त होत होते. पक्षाघात पहिल्या गटात २३ टक्क्यांनी कमी आणि नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाणही बरंच कमी. त्याच वर्षी स्वीडनच्या लिंडहोम आणि सहकाऱ्यांनी आधीच्या चाचण्या एकत्र करून सांगितलं की इतर औषधांच्या तुलनेत बीटा-ब्लॉकरवर पक्षाघाताचा धोका १६ टक्के जास्त आहे. २००६ मध्ये ब्रिटनने आपल्या मार्गदर्शक सूचनांतून या औषधांना पहिल्या पसंतीवरून खाली आणलं.

आकडा सारखा आणि नशीब वेगळं, हे कसं? याचं एक सुंदर उत्तर ॲस्कॉटच्याच एका भागातून २००६ मध्ये मिळालं. आपण दाब मोजतो तो दंडावर. मेंदूला आणि हृदयाला लागतो तो महाधमनीतला दाब. हृदय ठोका देतं, लाट पुढे जाते, दूरवरून तिचा काही भाग परत फिरतो. हृदय मंद असेल तर ती परतलेली लाट पुढे जाणाऱ्या लाटेवर नेमकी चढते आणि आतला वरचा आकडा फुगतो. दंडावर दोन्ही गट जवळजवळ सारखे, पण महाधमनीत अम्लोडिपिनवाल्यांचा वरचा आकडा सरासरी ४.३ ने कमी निघाला. म्हणजे आपण इतकी वर्षं खिडकीतून घर बघत होतो आणि दिवाणखान्यावरून स्वयंपाकघराचा अंदाज बांधत होतो.

आता इथे आमच्यासारख्या माणसाला थांबून एक शंका काढावीशी वाटते. या चाचण्यांत हरलं कोण? अटेनोलॉल. शिक्षा कुणाला झाली? सगळ्या बीटा-ब्लॉकरना. न्यायदर्शनात व्यक्ती आणि जाती यांचा वाद फार जुना आहे. एका गायीकडे पाहून गोत्वाबद्दल किती बोलावं? कार्व्हेडिलॉल आल्फा रिसेप्टरही अडवतं आणि रक्तवाहिन्या सैल करतं. नेबिव्होलॉल नायट्रिक ऑक्साइडच्या मार्गाने तेच साधतं. मधुमेह असलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांवर २००४ मध्ये झालेल्या जेमिनी चाचणीत मेटोप्रोलॉलने तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा वाढला, कार्व्हेडिलॉलने वाढला नाही. तेव्हा ही सगळी एकाच कुळातली असली तरी स्वभावाने सारखी नाहीत. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. या नव्या गोळ्यांची रक्तदाबासाठी ॲस्कॉटसारखी माणसं मोजणारी चाचणी झालेली नाही. साखर चांगली राहिली, लाट चांगली फिरली, हे पुन्हा आकडेच! अटेनोलॉलला ज्या कारणाने दोष द्यायचा त्याच कारणाने नेबिव्होलॉलला निर्दोष ठरवायचं, हे चालणार नाही. विक्री प्रतिनिधी काय सांगतात ते सांगू देत.

आणखी एक. हरलेल्या चाचण्यांतले रुग्ण बहुतेक वयस्क होते. २००६ मध्ये खान आणि मॅकॲलिस्टर यांनी वयानुसार हिशेब मांडला, तेव्हा तरुण रुग्णांत बीटा-ब्लॉकर इतरांच्या बरोबरीने चालले, मागे पडले ते वयस्कांत. लॉ, मॉरिस आणि वॉल्ड यांनी २००९ मध्ये १४७ चाचण्या एकत्र केल्या. त्यांच्या मते दाब जितका उतरतो तितका लाभ बहुतेक औषधांत सारखाच. फरक दोनच, हृदयविकाराच्या झटक्यानंतर बीटा-ब्लॉकर जास्त उपयोगी आणि पक्षाघात टाळायला अम्लोडिपिनसारखी औषधं थोडी सरस. म्हणजे भांडण पूर्ण मिटलेलं नाही. युरोपच्या २०२३ च्या सूचनांत बीटा-ब्लॉकर पुन्हा प्रमुख औषधांच्या रांगेत बसले आहेत.

आणि हृदय कमजोर झालेल्यांचं काय? तिथे तर इतिहासाने कोलांटी उडी मारली. आधीच दमलेल्या हृदयाला आणखी मंद करणं म्हणजे मारणं, असं सगळी पाठ्यपुस्तकं सांगत होती. १९७५ मध्ये गोथेनबर्गच्या फिन वॉगस्टीन आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांवर अगदी सावधपणे बीटा-ब्लॉकर वापरून पाहिले आणि त्यांना बरं वाटलं. हसण्यावारी नेलं लोकांनी. १९९९ मध्ये बिसोप्रोलॉल आणि दीर्घकाळ चालणारं मेटोप्रोलॉल यांच्या दोन मोठ्या चाचण्या छापल्या गेल्या. दोन्हींत मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. इथे मात्र जाती चालत नाही, व्यक्तीच बघावी लागते. बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, मेटोप्रोलॉलचा तो विशिष्ट प्रकार, वयस्कांत नेबिव्होलॉल, यांचा पुरावा आहे. अटेनोलॉलचा तसा नाही.

तेव्हा ज्यांच्या पट्टीवर अटेनोलॉल लिहिलेलं आहे त्यांनी घरी जाऊन ती कचऱ्यात टाकायची नाही. ही गोळी एकदम थांबवली की इतके दिवस अडवलेलं ॲड्रेनॅलिन हृदयावर तुटून पडतं. अंजायना उसळतो, कधी झटकाही येतो. हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. ही गोळी आपल्याला नक्की कशासाठी दिली आहे, नुसत्या दाबासाठी, की अंजायना, जुना झटका, ठोक्यांची अनियमितता असं आणखी काही आहे? आणि नुसत्या दाबासाठीच असेल तर आपल्या वयाला आणि आपल्या साखरेला दुसरं काही जास्त बरं पडेल का? बदलायची असेल तर ते मात्रा हळूहळू उतरवून बदलतील. प्रश्न विचारलेले त्यांना आवडतील की नाही, ते आम्ही सांगू शकत नाही.